एका ठोंबाचे सोळा तुकडे: चार हवामानांत आयरिस किती वर्षं टिकला

मावशीच्या बागेच्या कोपऱ्यात जांभळ्या आयरिसचा एक ठोंब होता. तीस वर्षं तरी तो तिथेच आहे असं ती सांगायची, आणि त्या तीस वर्षांत त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नव्हतं. ती जागा सोडायची वेळ आली तेव्हा आम्ही तो उकरून काढला, सोडवला आणि त्यातले चांगले सोळा तुकडे चार घरी वाटून घेतले. प्रत्येकी चार. चारही बागांची हवा एकमेकींपासून अगदी वेगळी. पुढची नऊ वर्षं कुठला तुकडा जगला, कुठला फुलला, कुठला कधी आणि कशाने गेला, ह्याची नोंद आम्ही ठेवली. खालचं सगळं त्या नोंदीवरून लिहिलेलं आहे.

ह्या नोंदीची मर्यादा आधीच सांगते. चार बागा म्हणजे चार प्रकारची माती आणि चार वेगळे हात. कुणी रोज पाणी घालणारं, कुणी महिना महिना न फिरकणारं. त्यामुळे जे झालं ते सगळं हवेनेच झालं असं म्हणता येणार नाही. पण सोळाही तुकडे एकाच ठोंबाचे, म्हणजे अनुवंशाने एकच झाड. एक तुकडा जात्याच काटक आणि दुसरा नाजूक, ही शंका इथे उरत नाही. बागेतल्या बहुतेक तुलना ह्याच शंकेपाशी अडतात, म्हणून मला ही नोंद मोलाची वाटते.

वय मोजायचं कशाचं?

हा आयरिस दाढीवाला, उंच जातीतला. खाली झुकलेल्या तीन पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो, त्याला दाढी म्हणतात. दांडा ७० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर त्याची गणना उंच जातीत होते. जमिनीत त्याला आलं-हळदीसारखं आडवं खोड असतं. वनस्पतिशास्त्रात ते मूलखोड. मी इथे कंदच म्हणणार आहे, कारण बागेत आपण तेच म्हणतो.

ठोंब उकरला तो दिवस मला नीट आठवतो. कडेने फावडं घालून उचललं तर परातीएवढी एक गुंतलेली चकती वर आली. नळाखाली माती धुतल्यावर तिची रचना दिसायला लागली. कडेला हिरव्या पानांचे पंखे, त्यांच्या बुडाशी अंगठ्याहून जाड, टणक, फिकट कंद. त्यामागे आवळल्यासारखी एक कंबर, मग मागच्या वर्षीचा कंद आणि त्याच्यावर फुलाचा दांडा गळून पडल्याची गोल खूण. पुन्हा कंबर, पुन्हा त्याहून जुना कंद, तपकिरी, सुरकुतलेला, पानाविना. अशा चौथ्या-पाचव्या कंबरेपाशी पोचेपर्यंत हातात नुसती पोकळ साल राहायची. चिमटीत धरली की भुगा. चकतीच्या मधोमध तर आयरिसचं काहीच नव्हतं, तिथे तण माजलं होतं.

म्हणजे तीस वर्षांचा म्हणून जो ठोंब आम्ही काढला, त्यात पाच वर्षांहून जुनं असं काही जिवंत नव्हतं. दाढीवाल्या आयरिसचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. त्याच्या दोन्ही कुशींतून फुटवे निघतात, ते पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी फुलतात, आणि जुना कंद आपल्यातलं साठवलेलं अन्न त्यांना देत देत रिकामा होतो. झाड कडेकडेने पुढे सरकतं आणि मागचं मरत जातं.

म्हणून आयरिस किती वर्षं जगतो ह्या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही. कंद तीन ते पाच वर्षं टिकतो. न हलवलेला ठोंब तीन-चार वर्षांनी दाटतो, फुलं कमी होतात, पण हवा मानवली तर तो जगत मात्र राहतो. आणि वाण, माणसं तो सोडवून लावत राहतील तितकी वर्षं. फ्रान्समध्ये लेमोन ह्या बागवानाने १८४० साली आणलेला 'ऑनोराबिले' आणि १८४४ सालचा 'मादाम शेरो' आजही बागांमध्ये फुलतात. ते बियांतून पुढे आलेले नाहीत. तेच झाड, तुकड्या-तुकड्याने, हातोहात आलेलं आहे.

ह्यात हवामान कुठे शिरतं? दर वर्षी काही कंद संपणारच. प्रश्न एवढाच की त्याच वर्षात त्यांच्या जागी किती नवे कंद पुरते भरतात. भरणारे जास्त असले तर ठोंबाला मरण नाही. कमी पडले तर झाड वरून कितीही हिरवं दिसो, त्याची वर्षं मोजलेली असतात. आमच्या चार बागांत हा हिशेब चार प्रकारे लागला.

बर्फातली बाग आणि समुद्राकाठची बाग

सगळ्यांना काळजी होती ती माझ्या मैत्रिणीच्या बागेची. तिच्याकडे हिवाळ्यात पारा उणे २५ अंशांपर्यंत उतरतो आणि बर्फ दोन-अडीच महिने हलत नाही. पहिल्या वसंतात तिचा फोन आला, "अगं, दोन कंद मातीवर उताणे पडलेत. गेले बहुतेक." गेले नव्हते. जमीन आलटून पालटून गोठते आणि वितळते तेव्हा माती फुगते, बसते, आणि ज्याने मुळं धरलेली नाहीत असा कंद वर ढकलला जातो. आम्ही लावायलाच उशीर केला होता. जमीन गोठण्याआधी मुळं धरायला सहा आठवडे तरी मिळावे लागतात. तिने दोन्ही कंद परत बसवले, माती दाबली, आणि चारही जगले.

पुढच्या वर्षीपासून जमीन पक्की गोठली की ती वर पाइनच्या फांद्या पसरते. बघणाऱ्याला वाटतं ऊब देण्यासाठी. खरं तर गोठलेली जमीन मधल्या एखाद्या उन्हाच्या दिवसाने वितळू नये म्हणून. वसंताची चाहूल लागली की त्या लगेच काढायच्या, नाहीतर खाली ओल धरते. तिसऱ्या वर्षी तिच्याकडे नऊ दांडे आले. पाचव्या वर्षी दाटी झाली, मधले पंखे बारीक पडले आणि दांडे चारावर आले. तेव्हा फुलं संपल्यावर सात आठवड्यांनी तिने ठोंब सोडवला. आज तिथे चाळीसच्या वर पंखे आहेत आणि एकही कंद कुजून गेल्याची नोंद नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात अशाच थंड बागांना आयरिस पोखरणारी अळी छळते. तिची अंडी हिवाळाभर वाळल्या पानांवर असतात, वसंतात अळी पानातून खाली उतरत कंदापर्यंत जाते आणि तिच्या वाटेने कूज आत शिरते. मैत्रिणीकडे ती अळी नाही, तरी पानगळीत जुनी पानं साफ करायची सवय तिने लावून घेतली आहे. मला ती योग्य वाटते.

समुद्राकाठची बाग चुलतभावाची. हिवाळा गोठणबिंदूच्या आसपास थांबतो, उन्हाळा गार, पाऊस वर्षभर थोडा थोडा. चारही कंद जगले, पण चार वर्षांत मिळून फुलांचे दांडे पाच, आणि दर वसंतात पानांवर तपकिरी ठिपके. जागा झाडाखालची होती, ऊन जेमतेम तीन तास. ह्या आयरिसला सहा ते आठ तास हवं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी हलवल्यावर दुसऱ्या वर्षी सात दांडे आले. ठिपके अजून येतात. तो ती पानं कापून टाकतो आणि पुढे चालतो.

कोरडा उन्हाळा

ताईच्या बागेत उन्हाळ्यात ४० अंश तापमान आणि सलग चार महिने पावसाचा थेंब नाही. हिवाळ्यात मात्र पाऊस पडतो आणि काही रात्री दव गोठतं. दाढीवाल्या आयरिसचे पूर्वज भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशातले, त्यामुळे ही हवा त्याच्या ओळखीची. तरी पहिल्या उन्हाळ्यात तिचा एक कंद गेला, आणि तो प्रेमाने गेला. पानांची टोकं वाळायला लागलेली बघून तिला राहवेना. ती रोज संध्याकाळी पाणी घालायला लागली. तीन आठवड्यांत एक कंद मऊ पडला.

पानांची टोकं वाळत होती कारण झाड झोपेला आलं होतं. फुलं गेल्यावर कोरड्या गरमीत हा आयरिस वाढ जवळजवळ थांबवतो, मुळं मंदावतात, आणि कंदातल्या साठ्यावर तो पावसाची वाट बघतो. अशा वेळी तापलेल्या मातीत रोज ओल देणं म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची सोय करणं. ताईने पाणी तोडलं. फक्त तीन आठवड्यांतून एकदा, पहाटे, मुळांच्या बाजूने. थंड प्रदेशात कंदाची पाठ उघडी ठेवतात, उन्हात शेकू देतात. तिच्याकडे पाठ भाजून चट्टे पडायला लागले, म्हणून तिने वर दोन सेंटिमीटर माती ओढली. बाकी काही केलं नाही. उरलेल्या तीन कंदांचे नऊ वर्षांत, दोनदा सोडवून, सत्तरच्या आसपास पंखे झाले. चारही बागांत सगळ्यात भरभराट हीच.

ताईची बाग बघताना मला कबरस्तानांतले आयरिस आठवतात. आयरिस अल्बिकन्स नावाच्या पांढऱ्या आयरिसला बी धरतच नाही. तो मूळचा अरबस्तानातला. माणसांनी तो कबरींवर लावत लावत नेला आणि तसा तो पार स्पेनपर्यंत पोचला. काश्मिरातही कबरींवर पांढरा आयरिस लावायची जुनी रीत आहे, त्याचं नावच आयरिस काश्मिरियाना. अशा ठिकाणी त्याला कोण पाणी घालतं, कोण खत देतं, कोण तीन वर्षांनी सोडवतं? उताराची, दगडगोट्यांची, उन्हाची जमीन आणि माणसाची गैरहजेरी, एवढ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो. मावशीचा ठोंबही तीस वर्षं असाच दुर्लक्षात राहिला होता. ते दुर्लक्ष त्याच्या पथ्यावर पडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

उकाडा आणि पाऊस एकत्र

चौथी बाग माझी. इथे गोठणं नाहीच. वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री बारा-तेरा अंश. आणि पाऊस येतो तो ऐन उकाड्यात, चार महिने.

मी पावसाळा संपल्यावर कंद लावले आणि ते असे वाढले की विचारू नका. निळसर हिरवी, मेणाचा हात फिरवल्यासारखी पानं, दोन महिन्यांत प्रत्येक कंदाला दोन-दोन फुटवे. बाकी तिघांचे आयरिस तेव्हा थंडीत निपचित पडलेले. मी फोटो पाठवला तेव्हा ताई म्हणाली, "तुझेच सगळ्यांत छान झालेत गं." त्या दिवशी ते खरंही होतं. वसंत आला, गेला. दांडा मात्र एकही आला नाही.

पाऊस सुरू होऊन तिसरा आठवडा चालू होता. सकाळी बघते तर एक पंखा आडवा पडलेला. पानावर पिवळेपणा नाही, डाग नाही. पूर्ण हिरवा पंखा, फक्त उभा राहत नव्हता. उचलायला गेले तर तो बुडापासून सुटून हातात आला. कंद बाहेरून जसाच्या तसा, आकार भरलेला, साल अखंड. अंगठ्याने दाबला तशी साल फुटली आणि आतून पिवळसर लगदा बाहेर आला. वास असा की मी मागे सरले. ही मऊ कूज. पेक्टोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू जखमेतून आत जातात आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात. त्यामुळे साल राहते आणि आतलं सगळं सुटं होतं. पानं शेवटपर्यंत हिरवी दिसतात, कारण त्यांना खबर पोचायच्या आत बूड गेलेलं असतं.

चार दिवसांनी दुसरा पडला. हा मऊ नव्हता, वासही नव्हता. मानेपाशी, पानं मातीला टेकतात तिथे, पांढरे रेशमी धागे पसरलेले आणि त्यांत मोहरीसारख्या तपकिरी गोळ्या. ही बुरशी वेगळी, स्क्लेरोशियम रोल्फसाय. तिला २५ ते ३५ अंशांची उष्णता आणि ओल लागते, म्हणजे माझा पावसाळा. त्या गोळ्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. मी कंदाभोवतीची वीतभर माती काढून फेकली. तिसऱ्या कंदाला पुन्हा मऊ कूज लागली. तो वाचवायचा मी प्रयत्न केला: चमच्याने मऊ भाग खरवडून टणक मांसापर्यंत गेले, चमचा आणि सुरी एकास नऊ ब्लीचच्या पाण्यात बुडवून घेतली, जखम उन्हात वाळवायला ठेवली. ऊन दहा दिवस आलंच नाही. ह्या उपायाचं औषध ऊन आहे, आणि माझ्याकडे नेमकं तेच नव्हतं.

चौथा कंद वाफ्यात जागा उरली नाही म्हणून मी भिंतीलगत छज्ज्याखाली खुपसला होता. तिथे पाऊस पोचत नव्हता. उकाडा तोच, हवेतला दमटपणा तोच. तो जगला.

ह्या एका कंदाने माझा विचार बदलला. तोवर मी, आणि बहुतेक बागवान, 'आयरिसला इथलं ऊन सोसत नाही' असं म्हणत होतो. ऊन तर ताईकडे जास्त होतं. बर्फ वितळताना मैत्रिणीचा वाफाही आठवडाभर चिखल असतो. नुसती उष्णता त्याला मारत नाही आणि नुसती ओलही मारत नाही. दोन्ही एकदम आल्या की मरतो. मुळांनाही श्वास लागतो. थंड मातीत मुळं जवळजवळ झोपलेली असतात, त्यांना प्राणवायू थोडा पुरतो, आणि थंड पाण्यात तो विरघळलेलाही जास्त असतो. माती तापली की मुळांची भूक वाढते, पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्या तर बाहेरूनही येत नाही. गुदमरलेली मुळं मरतात, त्यांच्या जखमांतून जिवाणू आत शिरतात, आणि तेही उकाड्यात दुप्पट वेगाने वाढत असतात.

म्हणूनच थंडीच्या पट्ट्यांच्या नकाशावर आयरिस निवडायची पद्धत मला अपुरी वाटते. अमेरिकी कृषी खात्याचा नकाशा जगभर वापरतात. त्यात दाढीवाल्या आयरिसला साधारण ३ ते ९ हे पट्टे देतात, म्हणजे वर्षातलं नीचांकी तापमान सरासरी उणे ४० पासून उणे १ अंशापर्यंत. तो नकाशा हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड रात्रीचा आहे. उन्हाळ्यात पाऊस पडतो का, रात्री निवतात का, ह्याबद्दल तो काहीच सांगत नाही. एकाच पट्ट्यातल्या दोन बागा, एक कोरड्या उन्हाळ्याची आणि एक पावसाळी उन्हाळ्याची, आयरिसच्या दृष्टीने दोन वेगळ्या जगांत असतात. आयरिस लावण्याआधी मी आता एकच विचारते: तुमच्याकडे सगळ्यात गरम दोन महिने कोरडे असतात की ओले?

सात वर्षं ओढाताण

छज्ज्याखालचा कंद आणि त्याचे फुटवे मी पुढे सहा वर्षं टिकवले. पसरट मातीच्या कुंडीत निम्मी माती, निम्मी भरड वाळू. नत्राचं खत पूर्ण बंद, कारण त्याने पानं रसरशीत होतात आणि कूज त्यांनाच आधी धरते. दोन पावसाळे कुंडी आडोशाला ठेवली. पुढच्या पावसाळ्यांत कंद चक्क उपटले, मुळं छाटली, पानं वीतभर ठेवून कापली, आणि सावलीत वारा खेळेल अशा टोपलीत ठेवून दिले. आयरिसचा कंद जमिनीबाहेर काही आठवडे सहज राहतो. माझे अडीच-तीन महिने राहिले, सुकून हलके झाले, पण लावल्यावर फुटले. कूज पुन्हा आली नाही.

तरीही ते हरतच होते. दर वर्षी नवा फुटवा आधीच्याहून बारीक. पहिल्या वर्षी अंगठ्याएवढा, चौथ्या वर्षी तर्जनीएवढा, सातव्या वर्षी करंगळीएवढा. कूज थांबवली म्हणजे मरण थांबवलं, असं मी समजत होते. भरणाचा हिशेब मी विसरले होते. कंद अन्न साठवतो ते थंड, उजेडाच्या दिवसांत. माझ्याकडे तसे दिवस तीन महिने. उरलेल्या काळात रात्रीही गरम, आणि गरम रात्रीत झाड दिवसा कमावलेलं श्वासावाटे खर्चून टाकतं. वर थंडीची गरज आहेच. उंच दाढीवाल्या आयरिसच्या बहुतेक वाणांना फुलाची कळी धरायला काही आठवडे खरी थंडी लागते. माझ्याकडे सात वर्षांत एकच दांडा आला, ज्या वर्षी थंडी लांबली त्या वर्षी. त्यावर तीन फुलं. त्यातलं पहिलं उमललं त्या सकाळी मी शेजाऱ्यांना हाका मारून बोलावलं होतं. वर्षातून दोनदा फुलणाऱ्या वाणांची, उदाहरणार्थ १९८२ साली आलेल्या पांढऱ्या 'इमॉर्टॅलिटी'ची, थंडीची गरज साधारण कमी असते. सौम्य हिवाळ्याच्या पण कोरड्या जागी मी तसा वाण आधी बघेन. पण पावसाळी उकाड्यावर तोही उपाय नाही.

सातव्या वर्षी उरलेला एकच कंद कागदात गुंडाळून ताईला पाठवून दिला. हातातून सोडवत नव्हता. पण मी त्याला फक्त मरू देत नव्हते, जगवत नव्हते, हे मला तोवर पटलं होतं.

मग लावायचा कुठला?

आयरिस म्हणजे एकच झाड समजणं ही माझी पहिली चूक होती. ह्या कुळीत अडीचशेच्या वर जाती आहेत आणि त्यांतल्या काही पाण्यातच वाढतात. युरोपातला पिवळा आयरिस स्यूडाकोरस उभ्या पाण्यात राहतो, त्याचे कंद प्राणवायूशिवाय बराच काळ तगतात. तो इतका टिकतो की उत्तर अमेरिकेतल्या ओढ्यानाल्यांत तो उपद्रवी ठरला आहे, म्हणून वाहत्या पाण्याजवळ तो लावू नये असं मी ठामपणे म्हणेन. सायबेरियन आयरिस दाढीवाल्याहून संथ आणि चिवट. थंड प्रदेशात एकाच जागी आठ-दहा वर्षं न हलवता चांगला फुलतो, मग मधून पोकळ होऊन कड्यासारखा दिसायला लागला की सोडवायचा. गरम हिवाळ्यात मात्र तो रमत नाही. जपानी आयरिस एन्साटाला वाढीच्या दिवसांत पाणी भरपूर आणि माती आम्ल लागते, चुनखडीची जमीन त्याला चालत नाही. त्याची नवी मुळं जुन्या मुळांच्या वर धरतात, म्हणून तीन-चार वर्षांनी पुन्हा खोल लावावा लागतो. रेटिक्युलाटासारखे छोटे गड्डेवाले आयरिस उन्हाळा कोरडा नसेल तिथे एका वसंताचे पाहुणे. फुलल्यावर गड्डा फुटून बारीक बारीक गड्डे होतात आणि ते फुलायच्या जाडीला येण्याआधीच ओल त्यांना गाठते.

माझ्या हवेला उत्तर मिळालं ते लुइझियाना आयरिसमध्ये. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या दलदलीतल्या पाच जाती आणि त्यांचे संकर, असा हा गट. त्यांतली फुल्वा तांबूस-तांब्याच्या रंगाची. नेल्सोनाय ही लुइझियानातल्या अ‍ॅबव्हिल गावाजवळच्या एवढ्याशा टापूतली. पावसाळी उकाडा त्यांना जन्मापासून माहीत. त्यांची निगा दाढीवाल्याच्या बरोबर उलटी: कंद उघडा ठेवायचा नाही, वर पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, माती किंचित आम्ल, आणि उन्हाळ्यात वाफा कोरडा पडू द्यायचा नाही. ज्या खोलगट वाफ्यात माझे तीन कंद कुजले, जिथे पाणी साचतं, तिथेच मी ते लावले. तिसऱ्या वर्षी निळी फुलं आली. कंद सापासारखे सरकत वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आहेत.

ताईकडे पाठवलेल्या करंगळीएवढ्या कंदाला तिने वेगळी जागा दिली, बाजूला काठी रोवून. पहिलं वर्ष त्याने नुसते दोन पंखे काढले. नवव्या वर्षीच्या वसंतात दांडा आला, त्यावर सहा कळ्या, मावशीच्या कोपऱ्यात यायच्या तशाच गडद. तिने फोन करून सांगितलं आणि विचारलं, "ह्या वेळी सोडवताना तुला एक तुकडा ठेवू का?" मी नको म्हटलं. माझ्या वाफ्यात तेव्हा पाणी उभं होतं आणि लुइझियानाची पानं कमरेपर्यंत आली होती.